वैमानिक व्हायचे ठरवण्याआधी

२०२३ हे एकच वर्ष डोळ्यांसमोर आणले, तरी भारतातल्या वैमानिकाच्या पेशाची बरीवाईट सगळी अंगे दिसतात. फेब्रुवारीत एअर इंडियाने एअरबस आणि बोईंग मिळून ४७० विमानांची मागणी जाहीर केली. मेच्या सुरुवातीला गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची सेवा थांबली, ती परत सुरू झाली नाही. जूनमध्ये इंडिगोने एका दमात ५०० विमाने मागवली. ऑगस्टमध्ये पुण्याच्या फेरीसाठी निघालेला एक कॅप्टन नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने पडली. आणि वर्ष संपले तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ जणांना कमर्शियल पायलट लायसन्स दिले होते. तोवर कुठल्याही वर्षात एवढे परवाने निघाले नव्हते. आदल्या वर्षीचा आकडा होता १,१६५.

या १,६२२ जणांच्या घरी कधीतरी एकच चर्चा झाली असणार: मुलाला किंवा मुलीला पायलट करायचे का? ती चर्चा बहुतेक घरांत दोन टोकांवर होते. एकीकडे पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या आणि लाखांचा पगार, तर दुसरीकडे फीचा आकडा. खरा निर्णय मात्र या दोन्हींच्या मधल्या काळावर अवलंबून असतो. परवाना हातात पडला आणि नोकरी लागली नाही, तर हे घर किती दिवस तग धरेल? प्रशिक्षण संस्थांच्या माहितीपत्रकांत या प्रश्नाला जागा नसते, म्हणून तो घरातच मांडून बसायला हवा.

मागणी खोटी नाही. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजारांच्या आसपास वैमानिक लागतील, असे केंद्रीय नागरी उड्डाणमंत्र्यांनी सांगितले आहे. अकासा या विमान कंपनीनेही जानेवारी २०२४ मध्ये १५० बोईंग विमाने मागवली. पण मागवलेली विमाने दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि आलेल्या विमानाला आधी कॅप्टन लागतो. कॅप्टन तयार व्हायला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून काही हजार तास उडावे लागते. नवशिक्याला सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसवायचे तर शेजारी प्रशिक्षण देणारा कॅप्टन हवा, आणि अशांची संख्या मोजकीच. त्यामुळे देशात एकाच वेळी कॅप्टनची टंचाई आणि दोनशे तास उडून नुकताच परवाना काढलेल्यांची रांग, दोन्ही असू शकतात. ‘पायलटांची कमतरता’ हे बातमीतले शब्द खरे असतात. कमतरता कुठल्या पायलटची, एवढे पालकांनी विचारावे.

शिवाय हा धंदा लाटांचा आहे. २००५ नंतर नव्या कंपन्या आल्या, मुलांनी धडाधड परवाने काढले, आणि २००८ ची मंदी आली. हजारो मुले परवाना घेऊन वर्षानुवर्षे घरी बसली. कुणी केबिन क्रूत गेले, कुणी कॉल सेंटरमध्ये, कुणी वडिलांच्या दुकानात. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजने शेवटची फेरी केली, मार्च २०२० मध्ये कोविडने सगळेच थांबवले. म्हणजे साधारण पाच-सात वर्षांनी एखादा असा काळ येतोच, ज्यात अनुभवी वैमानिकही मोकळे होतात आणि नव्यांच्या पुढे जाऊन उभे राहतात. ज्याचे प्रशिक्षण नेमके अशा वेळी संपते, त्याच्या हुशारीत काही उणे नसते. वेळ चुकलेली असते, आणि ती कुणालाच आधी कळत नाही.

आता पैशाचे बघू, कारण कळ तिथेच आहे. भारतात दोनशे तासांचे उड्डाण, ग्राउंड क्लासेस, परीक्षा आणि राहणेखाणे धरून परवान्याचा खर्च आज ४५ ते ६० लाखांच्या घरात जातो. परवाना मिळाला म्हणजे प्रवासी विमान चालवता येते, असे नाही. एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ यांपैकी एका जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, सिम्युलेटरवर घ्यावे लागते; त्याचे आणखी पंधरा ते पंचवीस लाख. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सगळे एकत्र येते, निवड आधी होते आणि नोकरीची शक्यता बरीच वाढते, पण खर्चाचा आकडा कोटीच्या आसपास किंवा पुढे जातो. करारात ‘नोकरी’ हा शब्द कुठल्या अटींना बांधला आहे, ते वकिलाला दाखवूनच सही करावी.

समजा, एका कुटुंबाने ८० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने बारा वर्षांसाठी घेतले. त्याचा हप्ता महिन्याला जवळपास एक लाख येतो. शिक्षणाच्या काळात हप्ता सुरू झालेला नसला, तरी नुसते व्याजच महिन्याला सत्तर हजारांवर साचत असते. एवढे मोठे शैक्षणिक कर्ज बँक तारणाशिवाय देत नाही, आणि तारण म्हणजे बहुधा राहते घर किंवा गावाकडची जमीन. नव्या फर्स्ट ऑफिसरला स्थिर झाल्यावर दीड ते तीन लाखांपर्यंत पगार मिळतो, कॅप्टनला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे नोकरी वेळेवर लागली तर कर्ज फिटते, त्यात शंका नाही. पण परवाना आणि नोकरी यांच्यामध्ये दोन वर्षे गेली तर? त्या दोन वर्षांचा हप्ता कोण भरणार, हे नाव आणि रक्कम घालून लिहिता येत नसेल, तर तो निर्णय अजून पिकलेला नाही. आणि राहते घर तारण ठेवून, हाताशी दुसरा आधार नसताना या वाटेला जाऊ नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. मुलाची जिद्द कितीही खरी असली, तरी विमान कंपनीची दिवाळखोरी त्या जिद्दीला विचारत नाही.

सरकारी मार्गही काही आहेत. इतर मागासवर्गातल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी १९८६ पासून चालते. ती केंद्र सरकारची आहे, प्रवेश परीक्षेने मिळतो, तरी फी मोठीच आहे.

सगळ्यांत महत्त्वाचा मार्ग संरक्षण दलांचा. तिथे प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते आणि बदल्यात सेवा मागते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी महाराष्ट्राच्या अंगणात आहे. १९६१ मध्ये सुरू झालेली साताऱ्याची सैनिकी शाळा आणि १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात चालणारी सेवापूर्व शिक्षण संस्था तिथे जाण्याची तयारी करून घेतात. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही दाखल होतात. मात्र हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी जी संगणकीय कल चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाले की ती शाखा कायमची बंद. त्यामुळे ‘एकदा देऊन बघू’ म्हणून या चाचणीला जाण्यात अर्थ नाही. आणि वर्दी हा स्वस्तात कमर्शियल पायलट होण्याचा आडमार्ग समजून जाणाऱ्याने तर जाऊच नये. तिथे उडणे हा लष्करी सेवेचा एक भाग असतो.

नागरी वाटेवर पहिले पाऊल कोणते, याबाबत मात्र मतभेद व्हायचे कारण नाही. आधी डॉक्टर, मग फी. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू तपासणी काही हजार रुपयांत होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कानांची तपासणी, डोळे. त्यानंतर क्लास वन. ती ठरावीक केंद्रांवरच होते आणि कमर्शियल परवान्याला तीच लागते. चष्मा असला तर दार बंद होते, हा समज जुना आहे. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालते. रंगांधळेपणा हा खरा अडथळा. तो मुलग्यांत जास्त आढळतो, आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला सांगितल्याशिवाय अनेकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसते. लाखो रुपये भरून, तास सुरू करून, नंतर क्लास वनमध्ये अडकलेली मुले आहेत. हे दुःख शंभर टक्के टाळता येण्यासारखे आहे.

दुसरे पाऊल अभ्यासाचे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेत. ज्यांनी घेतले नव्हते त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय सोडवता येतात. पुढे डीजीसीएचे पेपर: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकाला सत्तर टक्के लागतात. शिवाय विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यातल्या रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी. हे पेपर उड्डाण सुरू करण्याआधी घरी राहून, फ्लाइंगच्या तुलनेत किरकोळ खर्चात देता येतात. नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र पार झाले, की मुलाला या विषयाची खरी गोडी आहे का, हे त्याचे त्यालाच कळते. पेपर सुटेपर्यंत फ्लाइंगची फी थांबवणे हा कदाचित सगळ्यांत उपयोगी सल्ला असेल.

प्रत्यक्ष उड्डाण शिकणे कसे असते, याची कल्पना फार थोड्यांना असते. सकाळी सहाला विद्यार्थी हँगरपाशी हजर. छोट्या सेसना १७२ भोवती तो हातात यादी घेऊन फिरतो. पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढतो आणि ती उजेडात धरतो. एव्हिएशन गॅसोलीन फिकट निळे असते. रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरले असेल, तर ते जड असल्याने नळीच्या तळाशी वेगळे दिसते. दिसले, तर पुन्हा काढायचे, पाणी पूर्ण जाईपर्यंत. मग चाके, ऑइलची पातळी, पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, नळ्यांत कीटकांनी घर केले आहे का, असे एकेक बघणे. हे रोज, न कंटाळता, आज सगळे ठीकच असणार असे गृहीत न धरता. एवढे करून तयार झाल्यावर धुके विरत नाही म्हणून दुपारपर्यंत बसून राहायचे आणि न उडता खोलीवर परतायचे, असेही अनेक दिवस येतात. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवा विरळ होते, तेच विमान धावपट्टीवर जास्त पळते आणि कमी वेगाने चढते. त्याचे गणित उड्डाणाआधी कागदावर मांडावे लागते. ज्याला या तपासण्यांत आणि गणितांत रस वाटतो, त्याला हा पेशा मानवतो. नुसत्या उंचीची ओढ पुरत नाही.

दोनशे तासांमध्ये शंभर तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडायचे असतात. त्यांपैकी वीस तास एका गावाहून दुसऱ्या गावी, आणि त्यात किमान तीनशे सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरची, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरत केलेली एक फेरी. दहा तास केवळ उपकरणांच्या आधाराने, पाच तास रात्री. चांगल्या संस्थेत हे सव्वा-दीड वर्षात होते. पावसाळा, बंद पडलेली विमाने आणि सोडून गेलेले प्रशिक्षक यांमुळे अनेक ठिकाणी दोन-अडीच वर्षे लागतात, आणि तोवर व्याज चालूच असते.

म्हणून संस्था निवडताना इमारत आणि गणवेश बघू नयेत. उडण्याच्या स्थितीतली विमाने किती? विद्यार्थी किती? प्रशिक्षक किती आणि किती दिवस टिकलेले? गेल्या वर्षी एकूण किती तास उड्डाण झाले? शेवटच्या तुकडीतल्या मुलांना दोनशे तास पुरे करायला किती महिने लागले? ही उत्तरे तिथे शिकणाऱ्या मुलांकडून, मेसमध्ये बसून घ्यावीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने पहिल्यांदा प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावली. ३५ संस्थांपैकी एकही ‘अ’ गटात बसली नाही; १३ ‘ब’मध्ये, २२ ‘क’मध्ये. हे सरकारी मूल्यमापन आहे आणि पालकांनी ते वाचायलाच हवे.

महाराष्ट्राला या बाबतीत मोठी परंपरा आहे. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण शिकवतो. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळाला, तो याच क्लबात शिकून. गोंदियाजवळ बिरसीला कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीतली राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे, बारामतीत खासगी संस्था आहेत, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. परदेशी जाण्याचा पर्यायही अनेक जण घेतात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवामान आणि विमानांची उपलब्धता यांमुळे तास लवकर भरतात. पण परत आल्यावर परवाना भारतीय नियमांत बसवून घ्यावा लागतो, त्यासाठी पुन्हा काही पेपर, काही उड्डाणे आणि काही महिने जातात. वाचलेला वेळ त्यात किती उरतो, ते हिशेब करूनच ठरवावे.

आडवाटांबद्दलही बोलले पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये दिल्लीहून गोव्याला आलेले एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरले. चौकशी सुरू झाली आणि त्या वैमानिकाच्या गुणपत्रिकाच बनावट निघाल्या. पाठोपाठ आणखी बनावट गुणपत्रिका सापडल्या, काही फ्लाइंग स्कूलांत न उडालेले तास वहीत लिहिल्याचे उघड झाले. कर्जाचा दाब आणि लवकर नोकरी लागण्याची घाई यांतून हे घडते. ‘पंधरा तास ॲडजस्ट करून देतो’ असे कुणी म्हणाले, तर त्या संस्थेतून त्याच दिवशी बाहेर पडावे. लॉगबुकमध्ये खोटा लिहिलेला तास म्हणजे कधीतरी दीडशे-दोनशे प्रवाशांच्या जिवाशी केलेला खेळ असतो.

मुलींच्या बाबतीत भारताचे चित्र जगापेक्षा खूप पुढे आहे. जगभरात वैमानिकांमध्ये स्त्रिया पाच-सहा टक्के, भारतात सुमारे पंधरा टक्के. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर असे फोकर फ्रेंडशिप विमान नेले, तेव्हा त्यात सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. तरीही ‘मुलीवर एवढा पैसा?’ हा प्रश्न घराघरांत अजून विचारला जातो. मुलग्यासाठी जो हिशेब लागू, तोच मुलीसाठी. वेगळी फूटपट्टी लावण्याचे एकही कारण या पेशात नाही.

नोकरी लागल्यानंतरचे आयुष्य कसे असते? पहाटे तीनला गजर, आज इंदूर, उद्या गुवाहाटी, परवा रात्रभर. सणवार, लग्नकार्ये रोस्टरवर अवलंबून. सलग सात दिवसांत ३५ तास आणि वर्षात हजार तास यांपेक्षा जास्त उडता येत नाही, पण विमानतळावरचा वेळ, थांबलेली विमाने, रात्रीची जागरणे हे सगळे या तासांच्या बाहेर राहते. थकव्याच्या तक्रारींनंतर आणि दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिक संघटनांनी दाद मागितल्यानंतर नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या वेळेतली विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, त्याचे एक मुख्य कारण या नियमांसाठी पुरेसे वैमानिक नसणे हे होते, आणि सरकारने कंपनीला काही काळ सूट दिली. विश्रांती मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागणारा हा पेशा आहे, हे शिरणाऱ्याला माहीत असावे. कंपनी बदलायची तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते, हेही.

परीक्षा तर कधीच संपत नाहीत. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडणे, आग, धूर अशा प्रसंगांत पारख होते. वैद्यकीय तपासणी दर वर्षी, आणि वय वाढल्यावर वर्षातून दोनदा. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा एखादा दोष आढळला की विमान थांबते आणि त्याबरोबर पगाराचा मोठा भागही. परवाना गमावण्याचा विमा असतो. तो नोकरीच्या पहिल्या महिन्यातच काढावा.

क्लास वनमध्ये अडकलेल्यांना किंवा पैशाअभावी थांबलेल्यांना विमानक्षेत्र परके होत नाही. विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रक भरते; त्यासाठी भौतिकशास्त्र-गणितासह पदवी किंवा अभियांत्रिकी लागते, फी नाही, उलट प्रशिक्षणात वेतन मिळते. विमान देखभाल अभियंता, फ्लाइट डिस्पॅचर हे मार्ग आहेत. शेतीतल्या फवारणीपासून मोजणीपर्यंत ड्रोनचे काम वाढते आहे आणि त्याचा रिमोट पायलट परवाना दहावी झालेल्याला काही दिवसांच्या प्रशिक्षणाने मिळतो.

आणि घाईबद्दल. कमर्शियल परवाना अठराव्या वर्षी मिळू शकतो, म्हणून बारावीच्या निकालाच्या आठवड्यातच ‘जागा भरत आल्या’ असे फोन सुरू होतात. विमान कंपनीत ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेने लागते, त्यामुळे लवकर शिरणारा लवकर कॅप्टन होतो, हे खरे. पण निवृत्तीचे वय ६५ आहे. एखाद्याने आधी तीन वर्षांची पदवी घेतली, त्याच काळात क्लास टू आणि क्लास वन उरकून घेतले, पेपर सोडवले, एखाद्या फ्लाइंग क्लबात प्रशिक्षकाशेजारी बसून तासभर उडून पाहिले, आणि मग एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी फी भरली, तरी त्याच्यापुढे चाळीस वर्षांची कारकीर्द उरते. मधल्या काळात बाजार खाली आला, तर त्याच्या हातात पदवी असते आणि घर अजून बँकेकडे गेलेले नसते.